साते की सॅटे? आणि खायचं कुठे?

प्रश्न : इंडोनेशियातल्या काडीवर भाजलेल्या मांसाला आपल्याकडे कुणी ‘सॅटे’ लिहितं, कुणी ‘साटाय’. मराठीत नेमकं काय लिहावं? पुढच्या महिन्यात जावा आणि बालीला जायचं आहे, तेव्हा कुठे खावं हेही सांगा.

उत्तर : ‘साते’ लिहा. इंडोनेशियन भाषा रोमन लिपीत लिहितात, पण त्यांचा ‘टी’ आपल्या ‘त’सारखा दंत्य आहे. आपल्याकडे ‘ट’ शिरला तो इंग्रजीमुळे. काही कोश या शब्दाचं नातं तमिळमधल्या मांस या अर्थाच्या ‘सदै’शी जोडतात. दक्षिण आफ्रिकेत तो ‘सोसाती’ होऊन पोचला आहे.

पण तिथे गेल्यावर नुसतं ‘साते’ म्हणून भागत नाही. खरी माहिती असते ती पुढच्या शब्दात. आयाम म्हणजे कोंबडी, कांबिंग म्हणजे बकरा, सापी म्हणजे गाय-बैल, बाबी म्हणजे डुक्कर. एवढे चार शब्द पाठ करून जा. काही वर्ज्य असेल त्यांनी तर नक्कीच.

त्यानंतर येतं गावाचं नाव. ‘साते मादुरा’ म्हणजे मादुरा बेटावरच्या लोकांची पद्धत: कोंबडीचे बारीक तुकडे, वर शेंगदाण्याचा दाट रस्सा (बुंबू काचांग) आणि गोड सोया सॉस (केचाप मानिस). आपण साते म्हणून ओळखतो ते बहुतेक हेच. जाकार्तात संध्याकाळी जालान साबांग रस्त्यावर जा. कोळशावर पंख्याने वारा घालत भाजणारे विक्रेते दिसतील. सोबत लोंतोंग मागा, म्हणजे केळीच्या पानात गुंडाळून शिजवलेला भाताचा घट्ट उंडा.

‘साते पादांग’ मात्र पश्चिम सुमात्राचं. त्यात शेंगदाणा नाही. तांदळाच्या पिठाने दाट केलेला पिवळा, तिखट रस्सा असतो आणि मांस गोवंशाचं, बऱ्याचदा जीभ.

माझ्या मते एकच निवडायचं तर ‘साते क्लाथाक’ निवडा. योग्याकार्ताच्या दक्षिणेला बांतुल भागात, जेजेरान बाजाराच्या आसपास त्याची दुकानं आहेत. बांबूच्या काडीऐवजी इथे सायकलच्या चाकाचा लोखंडी आरा वापरतात. बकऱ्याचे जाड तुकडे, त्यांना जवळजवळ फक्त मीठ. लोखंड तापतं आणि तुकडा आतूनही शिजतो, त्यामुळे मांस बाहेरून करपलेलं आणि आत रसदार राहतं. रस्सा न ओतता गुलेची, म्हणजे नारळाच्या दुधातल्या पातळ आमटीची वाटी शेजारी ठेवतात. मसाल्याने न झाकलेल्या मटणाची चव कळायची तर हेच खावं.

प्रश्न : बालीत ‘साते लिलित’ असं ऐकलं. तो वेगळा प्रकार आहे का?

उत्तर : हो, आणि इथे नावच कृती सांगतं. ‘लिलित’ म्हणजे गुंडाळणं. मासा, कोंबडी किंवा डुकराचं मांस बारीक करून त्यात किसलेलं खोबरं आणि वाटलेला मसाला मळतात आणि तो गोळा चपट्या बांबूवर किंवा गवती चहाच्या दांड्यावर लिंपून भाजतात. दांडा गवती चहाचा असेल तर त्याचा वास आत उतरतो. माशाचं लिलित क्लुंगकुंग जिल्ह्यातल्या पसिंगहान गावात खा. ते गोआ लावाह मंदिरापासून जवळ आहे. (इथला ‘गोआ’ म्हणजे गुहा, आपल्या गोव्याशी संबंध नाही. मूळ शब्द संस्कृतच.)

प्रश्न : शाकाहाऱ्यांसाठी काही?

उत्तर : सोलो शहरात ‘साते केरे’ विचारा. ‘केरे’ म्हणजे कंगाल. मांस परवडत नसे त्यांनी टोफूच्या चोथ्यापासून केलेलं तेंपे गेंबुस काडीला लावलं, त्यावरून हे नाव. पण त्याच गाडीवर आतडी, काळीजही भाजतात, तेव्हा आधी गेंबुसच हवं म्हणून सांगा. योग्याकार्तात याच नावाने गाईची चरबी मिळते, तिथे शाकाहाऱ्यांनी मागू नका.