लोअर आर्मचे बुश बदलायचे आहेत : रबरी घ्यावेत की पॉलीयुरेथेनचे?

घाटप्रवासी (चिपळूण)

नमस्कार. माझ्याकडे २०१५ सालची डिझेल हॅचबॅक असून तिचे रनिंग ९५,००० किलोमीटरच्या पुढे गेले आहे. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडला माझे नियमित जाणे-येणे असते आणि बऱ्याचदा घरातील ज्येष्ठ मंडळी बरोबर असतात. गेल्या पावसाळ्यानंतर गतिरोधकावरून उतरताना पुढच्या डाव्या बाजूने ‘खट’ असा आवाज येऊ लागला. नंतर उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग डावीकडे ओढले जाऊ लागले आणि त्या बाजूचा टायर आतल्या कडेने झिजल्याचेही लक्षात आले. गॅरेजमध्ये गाडी उचलून, पहार लावून पाहिल्यावर लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या भुजेच्या) मागच्या बुशचे (आर्म सांगाड्याला जोडतो तेथील रबरी उशीचे) रबर फाटलेले आढळले. या बुशचा बोल्ट उभा आहे. पुढच्या बुशचा बोल्ट आडवा असून त्याचे रबर भेगाळले आहे, पण अजून सुटलेले नाही.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत : बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडील टोकाचा गोल सांधा) आणि बुशांसह येणारा कंपनीचा अख्खा आर्म घेणे, जुन्याच आर्ममध्ये नवे रबरी बुश प्रेस करून घेणे, किंवा पॉलीयुरेथेनचा संच बसवणे. पॉलीयुरेथेन विकणाऱ्यांचे म्हणणे असे की हे बुश पुन्हा कधी बदलावे लागत नाहीत आणि गाडी वळणावर अधिक स्थिर राहते. दुसरीकडे, ते कुरकुरतात आणि गाडी आपटते, असेही ऐकले आहे. हा संच घेतलाच, तर स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याचे) आणि मागच्या ॲक्सलचे बुशही त्याच प्रकारचे घ्यावेत का? कोकणातील पाऊस, रस्त्यांची अवस्था आणि घरच्यांची सोय लक्षात घेऊन सल्ला द्यावा, ही विनंती.

रबरविभाग (पुणे)

वाहनांच्या रबरी भागांच्या रचनेचे काम मी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बुश कशाचा असावा हे ठरवण्याआधी तो कोणत्या दिशेने हलतो हे पाहावे लागते, आणि तुमच्या आर्मवरील दोन बुशांची कामे अगदी निराळी आहेत.

रबरी बुशात एक बाहेरची आणि एक आतली अशा दोन पोलादी नळ्या असतात व त्यांच्यामधले रबर व्हल्कनायझेशनच्या (उष्णतेने रबर पक्के करण्याच्या) वेळीच दोन्हींना पक्के चिकटवलेले असते. चाक वर-खाली होते तेव्हा तेथे काहीच घासत नाही. रबर स्वतः पिळले जाते आणि पुन्हा मूळ जागी येते. म्हणूनच त्याला ग्रीस लागत नाही, ते आवाज करत नाही आणि चिखलाला आत शिरायला फट मिळत नाही. पॉलीयुरेथेनचे सुटे बुश बहुधा दोन तुकड्यांत येतात, मधली नळी त्यांना चिकटवलेली नसते आणि आर्म त्या नळीवर घसरत फिरतो. एका आसाभोवती फिरणे त्यांना उत्तम जमते, पण तिरके कलंडणे जमत नाही.

तुमच्या मागच्या बुशचा बोल्ट उभा आहे, ही या सगळ्यातील कळीची गोष्ट आहे. चाक वर-खाली होताना हा बुश आपल्या आसाभोवती फिरत नाही, तर कलंडतो. शिवाय खड्ड्याची कड लागली की चाकाला क्षणभर किंचित मागे सरकता यावे, यासाठी अशा बुशच्या रबरात बहुतेक वेळा मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्यामुळे तो एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने कडक राहतो. भरीव पॉलीयुरेथेनमध्ये हा दिशांमधला फरक जवळजवळ नाहीसा होतो. मग जो धक्का रबराने गिळला असता, तो आर्म, सबफ्रेम (आर्म ज्यावर बसतो ती चौकट) आणि तेथून थेट बॉडीपर्यंत जातो, आणि कलंडण्याला होणारा विरोध आर्मच्या पत्र्याला रोज सोसावा लागतो. म्हणून मागचा बुश मूळ रचनेचा रबरीच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. मागचा ॲक्सल टॉर्शन बीमचा (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या, पिळल्या जाणाऱ्या आडव्या तुळईचा) असेल, तर त्याच्या बुशांनाही हेच लागू होते, कारण त्यांनाही एकाच वेळी अनेक दिशांनी हलावे लागते.

विक्रेते शोर ए परिमाणातील (आकडा जितका मोठा तितके कडक) कडकपणा सांगतात. रबरी बुश साधारण ५० ते ७० आणि पॉलीयुरेथेनचे साधारण ७० ते ९५ या टप्प्यात असतात, पण या आकड्यावरून पूर्ण अंदाज येत नाही. रबर दाबले तरी त्याचे आकारमान जवळपास कमी होत नाही, ते बाजूला फुगते. आणि फुगायला जागाच ठेवली नसेल, तर मऊ मिश्रणही कडक वागते. त्यामुळे ‘आमचे पॉलीयुरेथेन रबराइतकेच मऊ आहे’ असे कोणी म्हणाले, तर आधी बुशचा आकार पाहावा.

कोकणासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पॉलीयुरेथेन मुख्यतः दोन जातींचे असते. एस्टर जातीचे तेलाला आणि घासण्याला चांगले तोंड देते, पण उष्ण व दमट हवेत पाण्यामुळे त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात आणि ते ठिसूळ होते. ईथर जातीचे ओलाव्यात टिकते. तुमच्याकडे घेतलेच, तर ईथर जातीचेच घ्यावे. ‘पुन्हा कधीच बदलावे लागत नाहीत’ हा दावा जात सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. नैसर्गिक रबराचे वैरी म्हणजे तेल, ओझोन आणि उष्णता. इंजिनातून किंवा ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून आर्मवर तेल गळत असेल, तर ती गळती आधी थांबवावी, अन्यथा नवे रबरही फुगून मऊ पडेल.

गॅरेज_सातारा

वरील मताशी मी सहमत आहे आणि त्याला बसवण्याच्या कामाची बाजू जोडतो, कारण माझ्या अनुभवात रबरी बुश अकाली फाटण्यामागे बसवण्यातील हयगय हे मोठे कारण असते. पुढच्या आडव्या बोल्टचा बुश रबरी असेल, तर त्याचा बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच शेवटचा आवळला पाहिजे. गाडी लिफ्टवर आणि चाके लोंबकळत असताना तो आवळला, तर आतली नळी त्याच स्थितीत जखडली जाते. मग गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि प्रत्येक खड्ड्याला आणखी पिळले जाते. पिटवर उभ्या गाडीखाली उतरून, किंवा आर्मखाली जॅक लावून सस्पेन्शन नेहमीच्या उंचीला आणून, टॉर्क पान्याने आवळून देण्याचा आग्रह धरावा.

मागच्या उभ्या बुशात पोकळ्यांची दिशा चुकता कामा नये. जुना बुश काढण्याआधी आर्मवर खूण करून घ्यावी आणि नवा त्याच दिशेने प्रेस करावा, कारण तो फिरवून बसवला तर मऊ असायला हवी ती दिशा कडक होते. प्रेस करताना इंजिन ऑइल किंवा ग्रीस न लावता साबणाचे पाणी वापरावे. हातोड्याने ठोकून बुश बसवणाऱ्याकडे काम देऊ नये, कारण त्यात नळी अंडाकृती होते आणि आर्मचे छिद्रही बिघडते.

तुमच्या गाडीचे रनिंग पाहता बॉल जॉइंट तपासून घ्यावा. त्यात थोडीही ढिलाई असेल आणि तो आर्मबरोबरच येत असेल, तर अख्खा आर्म घेणे अंतिमतः स्वस्त पडते, शिवाय प्रेसचे काम वाचते. दोन्ही बाजूंचे काम एकाच वेळी करावे. लिंक रॉडही (स्टॅबिलायझर बारला जोडणारे छोटे दांडे) हलवून पाहावेत, कारण असा ‘खट’ आवाज पुष्कळदा तेथूनही येतो.

जिप्सीवाला (कोल्हापूर)

पॉलीयुरेथेनच्या बाजूनेही कोणीतरी बोलले पाहिजे. माझ्या जिप्सीला चारही चाकांवर पाटे (पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग) आहेत, आणि पाट्यांच्या डोळ्यांतील (टोकाच्या वळशातील) व शॅकलमधील (पाट्याचे टोक धरणाऱ्या कडीतील) बुश मुख्यतः एकाच आडव्या आसाभोवती फिरतात. अशा जागी पॉलीयुरेथेन मला मनापासून आवडते : प्रेस न लागता हाताने बसते, तेलाच्या ओघळांना दाद देत नाही आणि चिखलातून जाताना ॲक्सल जागच्या जागी राहतो. मात्र त्याची सेवा करावी लागते. पावसाळा संपला की बोल्ट काढून, माती धुऊन, बुश पुसून सोबत मिळणारे सिलिकॉन ग्रीस पुन्हा भरतो. हे ज्यांना जमणार नाही त्यांना कुरकुर ऐकू येणारच.

घाटात जोराने गाडी चालवणाऱ्याला किंवा ऑटोक्रॉस करणाऱ्याला लोअर आर्मच्या पुढच्या बुशातही त्याचा खरा उपयोग होतो, कारण वळणात चाक बाजूला कमी सरकते आणि स्टिअरिंगला उत्तर लवकर मिळते. या बाबतीत सरसकट ‘रबरच’ म्हणणे मला पटत नाही. तरीही ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्या गाडीसाठी हा फायदा पैशांच्या आणि देखभालीच्या मानाने थोडा आहे, हे मान्य करतो.

घाटप्रवासी (चिपळूण)

आपल्या सर्वांचा मनापासून आभारी आहे. बॉल जॉइंटमध्ये थोडी ढिलाई आढळली, त्यामुळे दोन्ही बाजूंचे अख्खे आर्म रबरी बुशांसह घेण्याचे ठरवले आहे आणि मागच्या ॲक्सलला हात लावत नाही. स्टॅबिलायझर बारचे बुशही ढिले झाले आहेत. तेवढे पॉलीयुरेथेनचे घेतले तर चालतील का?

गॅरेज_सातारा

चालतील, आणि या प्रयोगासाठी गाडीतील ती सर्वांत निर्धोक जागा आहे. तेथे बार फक्त पिळला जातो आणि बुश त्याला पकडून ठेवतो, त्यामुळे बार वळणावर लवकर काम सुरू करतो आणि सोयीत फारसा फरक पडत नाही. बारचा व्यास मोजून तंतोतंत मापाचे बुश घ्यावेत. सैल असतील तर आवाज येईल आणि घट्ट असतील तर बार अडकेल. बारवर गंज असल्यास तो घासून काढावा, नाहीतर तोच गंज बुशला आतून किसून काढील.

आर्म बसवल्यावर त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. आतल्या कडेने झिजलेला टायर तसाच ठेवला, तर गाडी एका बाजूला ओढण्याचा दोष थोडा शिल्लक राहू शकतो. तसे झाल्यास नव्या आर्मवर संशय घेण्याआधी पुढचे दोन्ही टायर मागच्यांशी बदलून पाहावेत.