सातव्या आठवड्यातील मळमळ, एसटीचा प्रवास आणि गोळी घेण्याची भीती

विचारणारी: सांगली जिल्ह्यातील शिक्षिका

शेवटच्या पाळीपासून मोजल्यास मला सातवा आठवडा चालू आहे आणि ही माझी पहिलीच वेळ आहे. दहा दिवसांपूर्वी सुरू झालेली मळमळ सकाळपुरती मुळीच राहत नाही. शाळा सुटेपर्यंत मी कशीबशी तग धरते आणि संध्याकाळी शेजारच्या घरातून लसणीच्या फोडणीचा वास आला की पुन्हा बेसिनकडे धाव घ्यावी लागते. शाळेत जाण्यासाठी रोज पाऊण तास एसटीचा प्रवास असतो, आणि हल्ली गाडी स्थानकात शिरताना येणाऱ्या डिझेलच्या वासानेच पोटात ढवळू लागते. तीन महिने पूर्ण होईपर्यंत कोणाला सांगायचे नाही, असा आमच्या घरचा रिवाज असल्याने शाळेत कोणालाच कल्पना नाही, त्यामुळे तास चालू असताना वर्गाबाहेर पडायला दर वेळी नवे कारण शोधावे लागते.

डॉक्टरांनी उलटीवर गोळी लिहून दिली आहे, परंतु पहिल्या तीन महिन्यांत औषध पोटात जाऊ नये, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. त्या काळजीपोटीच बोलतात, म्हणून मला वादही घालवत नाही, आणि गोळ्यांची पट्टी कपाटात तशीच पडून आहे. परवा मात्र दिवसभर अजिबात मळमळले नाही, तेव्हा बरे वाटण्याऐवजी मी घाबरूनच गेले. असे होणे हे काही बिघडल्याचे लक्षण असते का?

उत्तर: दोन मुलींची आई, नाशिक

पोट रिकामे राहू देऊ नये, एवढी एकच गोष्ट मला दोन्ही वेळा खऱ्या अर्थाने उपयोगी पडली. उशाशी साळीच्या लाह्यांचा डबा ठेवून, डोळे उघडल्यावर अंथरुणातच मूठभर लाह्या सावकाश चावून खायच्या आणि पंधरा-वीस मिनिटांनीच उठायचे, असा क्रम मी लावून घेतला होता. पहाटे उठल्याउठल्या चहा घेण्याची सवय असल्यास ती काही आठवडे बाजूला ठेवावी. रिकाम्या पोटी घेतलेल्या चहाने मला हमखास उलटी होत असे. दोन वेळच्या पूर्ण जेवणाऐवजी दर दोन तासांनी चार घास खावेत, आणि पाणी जेवणासोबत न पिता मधल्या वेळात घोटाघोटाने प्यावे. गरम अन्नाला वास अधिक येतो, म्हणून मी जवळजवळ महिनाभर थंड दहीभात आणि आमसुलाच्या सारावर काढला. आल्याने अनेकींना आराम पडतो असे म्हणतात, मला मात्र त्याने छातीतील जळजळच वाढली, तेव्हा तो प्रयोग थोड्या प्रमाणात करून पाहावा.

दात घासतानाच उलटी होत असेल, तर ब्रश थोडे खाऊन झाल्यावर करावा. उलटीनंतर मात्र लगेच न घासता साध्या पाण्याने चूळ भरावी, कारण पोटातील आम्लाने त्या वेळी दातांवरचे कवच मऊ पडलेले असते. एसटीत पुढच्या बाजूची खिडकीची जागा मिळवावी आणि मोबाइलमध्ये मान घालून बसू नये. अर्ध्या तिकिटाच्या सवलतीनंतर सकाळच्या गाड्यांना जी गर्दी होते, ती पाहता हे बोलणे सोपे आहे, याची मला जाणीव आहे.

शाळेविषयी माझे मत स्पष्ट आहे. बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांत होतात, म्हणून हा रिवाज पडला असावा आणि मी त्याला नावे ठेवत नाही. पण मुख्याध्यापक किंवा विश्वासातील एखादी सहशिक्षिका, एवढ्या एका व्यक्तीला सांगितल्याने रिवाज मोडत नाही, आणि वर्ग पाच मिनिटे सांभाळायला कोणीतरी मिळते.

उत्तर: निवृत्त परिचारिका, सातारा

तुमच्या सासूबाईंच्या भीतीला इतिहास आहे, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये. १९५७ साली जर्मनीत बाजारात आलेले थॅलिडोमाइड हे औषध गरोदर स्त्रियांना मळमळीसाठीही दिले जात असे आणि त्यामुळे हजारो बालके हातापायांच्या व्यंगासह जन्माला आली. १९६१ साली ते तेथे मागे घेण्यात आले. मात्र आपल्याकडे आज सामान्यतः लिहून दिली जाणारी गोळी अगदी वेगळी असते. तिच्यात डॉक्सिलामाइन आणि ब-६ जीवनसत्त्व असते. हेच घटक असलेले औषध अमेरिकेत १९८३ साली कंपनीने खटल्यांच्या खर्चाला कंटाळून बाजारातून काढून घेतले, परंतु त्याने बाळात व्यंग येते असे पुढच्या संशोधनांत आढळले नाही, आणि २०१३ साली तेथील औषध नियामक संस्थेने त्या जोडगोळीला पुन्हा मान्यता दिली. गर्भावस्थेत याहून अधिक तपासली गेलेली औषधे फार थोडी आहेत. तुमच्या पट्टीवर हीच नावे आहेत का, हे पाहावे आणि सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत न्यावे. सुनेने सांगितलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेले यांत फरक पडतो, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे.

एखादा दिवस बरा जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. हा त्रास साधारणपणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो, नवव्या-दहाव्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतो आणि बहुतेकींचा सोळाव्या आठवड्यापर्यंत ओसरतो. मधल्या काळात तो एका पातळीवर राहत नाही. केवळ मळमळ थांबली यावरून काहीच ठरवता येत नाही. रक्तस्राव, ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणे, खांद्याच्या टोकाशी दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे यांपैकी काही झाले, तर मात्र सोनोग्राफीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत राहिला असेल तर उशीर जिवावर बेतू शकतो. गाडी नसल्यास १०८ क्रमांकावर फोन करावा.

लोहाची गोळी आताच सुरू केली असल्यास तिनेही मळमळ आणि बद्धकोष्ठता वाढते. शासकीय कार्यक्रमातही लोहाची नेहमीची मात्रा दुसऱ्या तिमाहीपासून दिली जाते, तेव्हा ती पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. फॉलिक अ‍ॅसिड मात्र सोडू नये.

उत्तर: बेळगावहून

वरील सर्व सल्ला योग्य आहे, पण तो ज्यांच्या उपयोगी पडत नाही अशाही स्त्रिया असतात आणि मी त्यांपैकी एक होते. माझे वजन तीन आठवड्यांत ५२ किलोवरून ४८ वर आले, पाण्याचा घोटही टिकेना, लघवी चहासारखी गडद होऊ लागली. पहिल्या डॉक्टरांनी ‘हे सगळ्यांनाच होते’ एवढे सांगून घरी पाठवले. दुसऱ्या ठिकाणी लघवीत कीटोन (अन्नाअभावी शरीर चरबी जाळू लागल्याची खूण) सापडले आणि त्याच संध्याकाळी सलाइन लावावे लागले. वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, चोवीस तास काहीच पोटात टिकले नाही किंवा आठ तासांत लघवीच झाली नाही, तर ते नेहमीचे डोहाळे नव्हेत, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

नात्यातील एका बाईंनी मला मूल मनापासून नको असल्यामुळे असे होते, असे तोंडावर सांगितले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या तीव्र उलट्यांचा संबंध जीडीएफ-१५ नावाच्या संप्रेरकाशी आढळला, जे गर्भ आणि वार यांच्याकडून आईच्या रक्तात येते. गरोदरपणापूर्वी ज्यांच्या शरीरात ते कमी असते, त्यांना त्याचा त्रास अधिक होतो. हे वाचले त्या दिवशी मी बराच वेळ रडले. दुसऱ्या वेळी मळमळ सुरू होताच औषध सुरू केले आणि सलाइनची वेळ आली नाही.

विचारणारी: सांगली जिल्ह्यातील शिक्षिका

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. आज मुख्याध्यापिकांना सांगितले, तर त्यांनी पहिला तास सोडून वेळापत्रक लावून दिले. पट्टीवर डॉक्सिलामाइन हेच नाव आहे. मंगळवारी सासूबाई सोबत येणार आहेत. गोळी त्रास होईल तेव्हा घ्यायची की रोज?

उत्तर: निवृत्त परिचारिका, सातारा

रोज घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर घेतल्यास तिचा फारसा उपयोग होत नाही. तिच्यावरचे आवरण सावकाश विरघळण्यासाठी असते, म्हणून ती न तोडता, न चावता, झोपण्यापूर्वी पाण्यासोबत आणि शक्यतो जेवणानंतर दोन तासांनी गिळावी. मात्रा डॉक्टरांनी लिहिली असेल तेवढीच ठेवावी. पहिले दोन-तीन दिवस सकाळी झापड येईल, त्यामुळे एसटीत उतरण्याचा थांबा चुकू नये म्हणून वाहकाला आधीच सांगून ठेवावे.