भिजत घातलेलं काहीही: तुमचेही अनुभव लिहा

पूर्वभागाची लेक:
काल नळाला पाणी आलं म्हणून दोन जेकार्ड चादरी टपात भिजत घातल्या. बाहेर पाऊस, दारात पाय पुसायचं गोणपाट ओलं झालेलं. त्याचा वास आला आणि मी थेट आमच्या जुन्या खोलीत जाऊन पोचले.
आई विड्या वळायची. संध्याकाळी कारखान्यातून तेंदूच्या पानांचे पुडे आणायची, पाण्यात बुडवून काढायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून उशाशी ठेवायची. कोरडं पान कात्रीखाली तडकतं, फार ओलं राहिलं की काळं पडतं. म्हणून मध्यरात्री उठून अंधारातच गोणपाटात हात घालायची. एक पान काढून अंगठ्याने दुमडायची. कड मोडली नाही की तेलुगूत म्हणायची, "नानिंदी." भिजलं. मग परत झोपायची. दिवसाला हजार विड्या, त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या, म्हणजे छाट निघाली, की तेवढी मजुरी गेली.
तिला जाऊन सहा वर्षं झाली. हरभरे असोत की चादर, मी अजून मध्येच उठून हात घालून बघते.
तुमच्या घरी काय भिजायचं?

जुळे सोलापूर:
वाचून डोळ्यांत पाणी आलं ओ.
चादरीवरून सांगते. नवीन चादर पहिल्यांदा एकटीच भिजवायची, गार पाण्यात, मूठभर मीठ टाकून. हे मला लग्नानंतर कळलं. लाल चादर आणि ह्यांचे चार बनियन एका बादलीत टाकले होते, चारही गुलाबी! सासूबाई माहेरच्या विणकर, एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारी बसवून शिकवलं. भिजलेली चादर एकटीने उचलत नाही, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची. आमचं खरं बोलणं तिथेच सुरू झालं.

होटगी रोड:
काल पाणी आलं?? आमच्याकडं आज पाचवा दिवस. कुठला भाग तुमचा?

पूर्वभागाची लेक:
अशोक चौकाजवळ. पहाटे चारला आलं, पाऊण तास होतं.

अक्कलकोटकर:
हुलगे, म्हणजे कुळीथ! आमच्यात हुलगे रात्री भिजायचे, दहा तास तरी. पण बोअरच्या पाण्यात घातले की सहा शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली कचकच. जड पाण्यातलं कॅल्शियम सालीला धरून बसतं, साल मऊच पडत नाही. म्हणून आई नळाचं पाणी एका घागरीत फक्त डाळ-कडधान्याला राखून ठेवायची. त्या घागरीला आम्ही हात लावला की रट्टा. पाणी नसेलच तर चिमूटभर सोडा, पण त्याने चव जाते बगा. आणि उसळीपेक्षा मला हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगंच लई आवडतं. गूळ घालून. सर्दीला त्याच्यासारखं काही नाही.

मे महिना:
कुरडयांचा गहू. तीन दिवस, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी घरभर आंबूस वास. वाटून, गाळून चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून टाकायचं. शिजलेला गरम चीक वाटीत, वर तेल आणि मीठ. कुरडया वाळेपर्यंत कोण थांबणार!

जुळे सोलापूर:
चिकाला पाणी किती घेता? माझ्या गुठळ्या होतात.

मे महिना:
जेवढा चीक तेवढंच पाणी, मीठ-हिंग घालून खळखळ उकळू द्या. मग एकीने ओतायचं, एकीने हाटायचं. हात थांबला की गुठळी झालीच.

एकटा राहणारा:
राजम्याचं सांगून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्रभर भिजवून मंद गॅसवर नुसता कोमट शिजवला, अर्धा कच्चा खाल्ला. तीन तासांत उलट्या सुरू. डॉक्टरांनी सांगितलं, कच्च्या राजम्यात विषारी घटक असतो. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं आणि नव्या पाण्यात चांगली दहा मिनिटं खळखळून उकळायचा. मित्रांनी आळीपाळीने दोन दिवस पेज आणून दिली, ते विसरणार नाही.

कुंभारीचा:
ताई, माझी आईपण विडी कामगार. मी सुट्टीत विड्यांची तोंडं बंद करायचो, बहीण दोरा बांधायची. वह्या-पुस्तकांना तंबाखूचा वास यायचा, वर्गात पोरं नाक दाबायची. तवा लई राग यायचा. परवा आईचा जुना पत्र्याचा साचा सापडला, पान कापायचा. कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. मुलीने विचारलं हे काय आहे, तर सांगताना आवाजच फुटेना.

पूर्वभागाची लेक:
दादा, जपून ठेवा तो. आमचा घर बदलताना हरवला. आईची कात्री आहे, अंगठ्याच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. ती चिंधी मी काढली नाही.

कुंभारीचा:
आमच्या आईच्या कात्रीलापण होती चिंधी. घट्टा पडायचा ना.

होटगी रोड:
पाणी आलं! मटकी भिजवायचीय, पिंप भरायचंय, नंतर लिहिते.