वाचनालयाच्या छोट्या पोस्टची लांबी नेमकी किती असावी?

प्रश्न – कृष्णाकाठचा वाचक (सांगली)

सर्वांना नमस्कार. सांगलीजवळच्या एका गावातील सार्वजनिक वाचनालयाचे फेसबुक पान, इन्स्टाग्राम खाते आणि सभासदांचा व्हॉट्सॲप गट सांभाळण्याचे काम यंदापासून माझ्याकडे आले आहे. व्याख्याने, नवी पुस्तके, मुलांसाठी शनिवारचा वाचनकट्टा आणि पावसाळ्यात वाचनालय बंद राहणार असेल तर त्याची सूचना, असा साधारण मजकूर असतो. काम आवडीचे आहे, परंतु प्रत्येक वेळी लांबीपाशी अडायला होते.

कार्यकारिणीतील ज्येष्ठ सदस्यांचा आग्रह असा की सूचना रीतसर असावी आणि तीत अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागतोत्सुक अशी सर्व नावे यावीत. महाविद्यालयात शिकणारे सभासद सांगतात की दोन ओळींच्या पुढे कोणी वाचत नाही. आमच्या नेहमीच्या सूचनेची सुरुवात अशी असते: “कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, प्रतिवर्षीप्रमाणे याही वर्षी वाचनालयाच्या वतीने आयोजित करण्यात आलेल्या व्याख्यानमालेचे दुसरे पुष्प हरिपूर येथील हळदीच्या पेवांचा इतिहास या विषयावर गुंफले जाणार असून…” आदर्श अक्षरसंख्येचे जे आकडे ठिकठिकाणी दिलेले असतात, ते इंग्रजी मजकुरावरून काढलेले दिसतात. ते मराठीला तसेच लागू पडतात का? सगळीकडे एकच मजकूर टाकावा की प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा लिहावा? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – निवृत्त उपसंपादक (सांगली)

आपण दिलेले उदाहरण फार उपयोगाचे आहे, कारण खरी अडचण त्यातच दिसते. वाक्य पुष्कळ लांब आहे, हा त्याचा दुय्यम दोष. मुख्य दोष हा की वाचणाऱ्याला जे हवे आहे, ते सर्वांत शेवटी येते. मराठीत क्रियापद वाक्याच्या अखेरीस असते आणि आपल्या निमंत्रणांच्या प्रथेत त्याआधी आनंद, परंपरा, वतीने, आयोजित अशी मोठी रांग लागते. छापील पत्रिकेत हे चालून जाते, कारण पत्रिका हातात असते आणि पूर्ण दिसते. मोबाइलवर फक्त वरचा भाग दिसतो, बाकीचा मजकूर बोट लावल्याशिवाय उघडत नाही. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येते, तरी यादीत सरकताना साधारण पहिली १२५ अक्षरेच डोळ्यांपुढे येतात. आपली सूचना तेथे तुटली, तर सभासदाला आपल्याला आनंद झाला एवढेच कळेल. कशाचा, ते कळणार नाही.

वृत्तपत्रात आम्ही बातमी अशी लिहीत असू की जागा कमी पडल्यास शेवटचा परिच्छेद कापला तरी बातमी उभी राहावी, आणि आणखी एक कापला तरी उभी राहावी. जागा किती मिळणार हे लिहिताना ठाऊक नसायचे, म्हणून ही शिस्त होती. आपल्यालाही मजकूर कोठे तुटेल हे ठाऊक नसते. त्यामुळे अक्षरे किती असावीत या प्रश्नाआधी, कोठेही तुटले तरी वर उरलेला भाग पूर्ण अर्थ देतो का, हे तपासावे. आपल्या व्याख्यानासाठी मी पुढील मजकूर सुचवेन:

“जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे कशी टिकत असे? हरिपूरच्या पेवांवर व्याख्यान, शनिवार, १४ जून, सायंकाळी ६, वाचनालयाचे सभागृह.”

यानंतर एक ओळ मोकळी सोडून वक्त्यांचा परिचय द्यावा आणि त्याखाली अध्यक्ष व पाहुण्यांची नावे पूर्ण मानाने लिहावीत. ज्येष्ठ सदस्यांचा आग्रह मला अवाजवी वाटत नाही. गावातील संस्था माणसांच्या शब्दावर आणि देणगीवर चालतात, त्यामुळे नावे गाळून लांबी कमी करणे योग्य होणार नाही. नावांची जागा बदलावी, संख्या नव्हे. सोबत पत्रिकेचे छायाचित्र जोडले, तर नेहमीचा मानपानाचा क्रमही जसाच्या तसा राहतो. “आयोजित करण्यात आले आहे”, “तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे” आणि “ही नम्र विनंती” हे तीन तुकडे मात्र निःसंकोच काढावेत. त्यांच्यातून नवी माहिती मिळत नाही आणि ते नसल्याने कोणाचा मान कमी होत नाही.

उत्तर – अक्षरमोजणी (कराड)

इंग्रजीसाठीचे आकडे मराठीला लागू पडतात का, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी नकारार्थी आहे आणि त्याचे कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. आपला डोळा जोडाक्षर एक धरतो. संगणक त्यातील प्रत्येक व्यंजन, काना, मात्रा, अनुस्वार आणि न दिसणारा हलन्तसुद्धा स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजतो. “विद्यार्थ्यांसाठी” हा शब्द वाचताना पाच अक्षरांचा आहे, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, तो १७ चिन्हांचा होतो. “कृष्णा” दोन अक्षरांचे आहे आणि मोजणीत सहा भरते.

एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एक धरले जाते. तेथील मूळची १४० ची मर्यादा एसएमएसच्या १६० अक्षरांतून वापरकर्त्याच्या नावासाठी २० राखून आली होती. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ती २८० झाली, परंतु जपानी, चिनी आणि कोरियन लिपींना जुनीच मर्यादा ठेवली गेली, कारण त्या लिपींत थोड्या चिन्हांत पुष्कळ सांगता येते. त्या वेळी कंपनीने दिलेल्या माहितीनुसार इंग्रजीतील सुमारे ९ टक्के ट्वीट १४० ला जाऊन अडत होती, तर जपानीतील केवळ ०.४ टक्के. एकाच आकड्याचा जाच प्रत्येक भाषेला सारखा होत नाही, हे यावरून स्पष्ट दिसते. मराठीला या हिशेबात सवलत मिळालेली नाही. आपल्या काना-मात्रांची किंमत आपणच मोजतो. दुव्याचा (लिंकचा) हिशेब वेगळा आहे: तो कितीही लांब असला तरी एक्सवर २३ चिन्हांचाच धरला जातो, त्यामुळे दुवा आखूड करण्याची खटपट तेथे व्यर्थ आहे. एक्ससारख्याच थ्रेड्स या ॲपवर मर्यादा ५०० आहे.

वाचनालयाचे काही ज्येष्ठ सभासद साधा फोन वापरत असतील आणि त्यांना एसएमएस जात असेल, तर तेथे फरक सर्वांत अधिक जाणवतो. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात (एक बाइट म्हणजे आठ बिट). इंग्रजी अक्षराला सात बिट लागत असल्याने तेथे १६० अक्षरे बसतात. देवनागरी चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून केवळ ७०. संदेश त्याहून लांब झाला की त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हे मावतात आणि शुल्क प्रत्येक तुकड्याचे लागते.

वर उपसंपादक महोदयांनी सुचवलेला मजकूर मी मोजून पाहिला. मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून तो १३१ चिन्हांचा आहे. एसएमएसच्या दोन तुकड्यांत तो नेमका बसतो, परंतु इन्स्टाग्रामच्या १२५ च्या आसपास शेवटचा शब्द दडण्याची शक्यता आहे. तेथे “वाचनालयाचे” हा शब्द काढला तर १२० उरतात आणि अर्थही बिघडत नाही, कारण खात्याचे नाव वरच दिसत असते. व्हॉट्सॲपवर मात्र याच्या उलट करावे लागेल. संदेश दुसऱ्या गटात पुढे गेला की मूळ गटाचे नाव त्याच्यासोबत जात नाही, म्हणून तेथे वाचनालयाचे आणि गावाचे पूर्ण नाव मजकुरातच हवे. एकच मजकूर सगळीकडे टाकू नये, असे मला वाटते ते यासाठी.

उत्तर – अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी (सातारा)

वरील दोन्ही उत्तरे मान्य करून एक वेगळा मुद्दा मांडतो. आखूड पोस्ट हीच चांगली पोस्ट, हा समज फेसबुकवर मराठी वाचकांच्या बाबतीत मला खरा वाटत नाही. विषयात जीव असेल तर आपला वाचक तेथे दीर्घ मजकूर मन लावून वाचतो, प्रतिक्रिया लिहितो आणि जपूनही ठेवतो. पुस्तकाचा परिचय तीन ओळींत उरकण्यापेक्षा चार परिच्छेदांत केला, तर तो वाचून वाचनालयात येणारा माणूस पुस्तक मागायला येतो.

अति आखूड मजकुराने नुकसान होते याचे आमच्याकडील उदाहरण कास पठाराचे आहे. पश्चिम घाटासोबत या पठाराचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. फुलांचा हंगाम साधारण ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालतो आणि त्यातही पाऊस व ऊन यांच्या प्रमाणावर बहर पुढे-मागे होतो. “कास फुलले!” एवढी ओळ आणि एक जुने छायाचित्र फिरू लागले की लांबलांबून कुटुंबे गाड्या घेऊन येतात आणि हिरवे गवत पाहून परततात. छायाचित्र कोणत्या तारखेचे, कोणती फुले आली आहेत आणि कोणती यायची आहेत, एवढी दोन वाक्ये जोडली असती तर पोस्ट थोडी लांबली असती, पण खरी राहिली असती.

पुन्हा प्रश्न – कृष्णाकाठचा वाचक (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नावे पुढच्या परिच्छेदात नेण्याची सूचना कार्यकारिणीपुढे ठेवतो. ती मान्य होईल असे वाटते. एक गोष्ट अजून विचारायची आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी वाढले की सभासद आमच्या गटात पाणीपातळीचे संदेश टाकतात आणि आम्हालाही वाचनालय बंद ठेवल्याची सूचना घाईने द्यावी लागते. अशा वेळी लोक भराभर वाचतात. तेथे तरी लांबी शक्य तितकी कमी ठेवावी का?

उत्तर – संगमाजवळचा स्वयंसेवक (सांगली)

पुराच्या दिवसांत संदेश वाचणारा माणूस सामान वर चढवत असतो किंवा म्हातारी माणसे आणि जनावरे हलवण्याच्या तयारीत असतो, त्यामुळे एकही शब्द अधिक नको हे खरे. पण याच दिवसांत सर्वांत घातक ठरतो तो अपुरा संदेश. “पाणी ३८ फुटांवर, वेगाने वाढत आहे, सावध राहा” हा मजकूर लहान आणि स्पष्ट वाटतो. तो सकाळी निघतो, गटागटांतून फिरत रात्री किंवा दुसऱ्या दिवशी एखाद्या घरी पोहोचतो आणि तोवर पाणी दोन-तीन फूट चढलेले असते किंवा उतरू लागलेले असते. वाचणाऱ्याला हे कळण्याचा मार्ग नसतो, कारण संदेश कधी पुढे पाठवला गेला तेवढेच त्याच्या फोनवर दिसते. मूळ कधी लिहिला गेला ते दिसत नाही.

म्हणून पातळीच्या संदेशातून ठिकाण, तारीख, वेळ आणि माहिती कोठून घेतली यांपैकी काहीही कधीच वगळू नये. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. येथील जुन्या रहिवाशांना ते पाठ असते, परंतु शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नव्याने आलेल्या माणसाला नुसत्या ३८ या आकड्यावरून काहीच बोध होत नाही, तेव्हा हे दोन आकडे कंसात द्यावेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा ज्या भागात पूर्वी कधी पाणी आले नव्हते तेथील लोकही केवळ फोनवरच्या संदेशांच्या आधाराने निर्णय घेत होते. आपल्या दोन ओळींवर कोणीतरी घर सोडायचे की थांबायचे हे ठरवत असतो, एवढे भान लिहिताना सतत असावे. कोयना धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे याचे संदेशही फिरतात. तेथेही हाच नियम पाळावा.

वाचनालयाच्या सूचनेत “आज” आणि “उद्या” हे शब्द टाळावेत. “उद्या वाचनालय बंद” हे वाक्य रोज नव्याने खरे वाटते. त्याऐवजी असे लिहिता येईल: “पुराच्या पाण्यामुळे वाचनालय शनिवार, २६ जुलैपासून बंद. उघडण्याची तारीख याच गटात कळवू. घरी असलेल्या पुस्तकांना विलंब शुल्क नाही. (सूचना: २५ जुलै, सायंकाळी ५.)” याखाली वाचनालयाचे आणि गावाचे नाव लिहावे. शेवटून दुसरे वाक्य अनावश्यक वाटेल, पण ते नसेल तर पुस्तक परत करण्यासाठी कोणीतरी पाण्यातून वाट काढत येते, असे मी पाहिले आहे.

माहिती बदलली की जुना संदेश दुरुस्त करत बसू नये. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो, परंतु तोवर इतर गटांत गेलेल्या प्रती जशाच्या तशा राहतात. नवी तारीख आणि वेळ घालून पूर्ण संदेश नव्याने पाठवावा आणि त्याच्या पहिल्याच ओळीत आधीची कोणत्या वेळेची सूचना रद्द समजावी, ते लिहावे.