अनुभव धागा: गुडघेबदल. कामाचं तेवढं लिहा

धनकवडीकर
काल मेट्रो स्टेशनात एका काकूंपाशी तपासणीचं यंत्र टींटीं करायला लागलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही गुडघे लोखंडाचे आहेत हो." रांग हसली आणि मला एकदम २००० सालचा ऑक्टोबर आठवला. वाजपेयींचा डावा गुडघा ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावतांनी बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा. त्यानंतर "अटलजींनी केलं, मग आईचं का नको" हे वाक्य पेठेतल्या घराघरांत. आता दर सोसायटीत दोन-चार जण आहेत, तरी माहिती अजून ऐकीवच. म्हणून धागा. ऑपरेशनच्या कहाण्या नकोत. काय करायचं, काय बिघडतं, का बिघडतं ते लिहा.

माझ्याकडून एवढंच: लोखंड नसतं. मांडीच्या हाडाच्या टोकाला कोबाल्ट-क्रोमची टोपी, नडगीच्या हाडावर टायटॅनियमची किंवा कोबाल्ट-क्रोमची थाळी, मध्ये पॉलिथिलीनची चकती, चिकटवायला बोन सिमेंट. हाड दोन्हीकडून साधारण ८ ते १० मिलिमीटर तासतात. अख्खा गुडघा उपटून काढत नाहीत.

फिजिओताई
उशी!! गुडघ्याखाली उशी ठेवू नका. बरं वाटतं म्हणून घरचे हटकून ठेवतात. सुजलेल्या सांध्याला किंचित वाकलेलं राहण्यात आराम असतो, पण तसाच ठेवला की मागचे स्नायू आणि आवरण आखडतं आणि पाय कायमचा थोडा वाकडा राहतो. मग उभं राहतानाही मांडीचा स्नायू ताणलेलाच, दहा मिनिटांत पाय भरून येतो. उशी किंवा टॉवेलची गुंडाळी टाचेखाली, गुडघा अधांतरी. दिवसातून तीन-चार वेळा १० मिनिटं.

सगळे विचारतात "किती वाकला?" आधी विचारा "सरळ किती झाला?"

चकली
ताई तरी पण किती वाकायला हवा ते सांगाच 😅 सासूबाई रोज शेजारच्या काकूंशी तुलना करतायत

फिजिओताई
@चकली दोन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास, तीन महिन्यांत ११० ते १२०. खुर्चीतून हात न टेकता उठायला ९० ते १०५ पुरतात. ऑपरेशनआधी ज्यांचा ९०च वाकत होता त्यांनी १३०ची आशा धरू नये, आधीचं वाकणं नंतरच्या वाकण्याला बरंच ठरवतं. शेजारच्या काकूंना नमस्कार सांगा.

व्यायाम: पावलं वरखाली (दर तासाला २०), मांडी आवळून गुडघा गादीत दाबणं ५ सेकंद, टाच सरकवत वाकवणं, पाय सरळ उचलणं. शेवटचे तीन १०-१० वेळा, दिवसातून तीनदा. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल असं वेळापत्रक लावा. नंतर बर्फ १५-२० मिनिटं, मध्ये पंचा. थेट बर्फ नको, टाक्यांजवळची कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही.

शनिवारपेठ
घराची तयारी ऑपरेशनच्या आधी करा, घरी आल्यावर धावपळ नको. भारतीय संडास असेल तर कमोड खुर्ची. पाश्चात्त्य असला तरी उंची बघा, जुने कमोड फार बुटके असतात, वर बसवायची सीट मिळते. शेजारी भिंतीत पक्की दांडी (टॉवेल अडकवायची नव्हे, ती हातात येते). पायपुसणी, सतरंज्या, चार्जरच्या वायरी उचला. खुर्ची १८ ते २० इंच उंच, हाताची. सोफ्यात बसवू नका, बाहेर काढायला दोघं लागतात.

वाड्याचा जिना: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी दुसऱ्या बाजूच्या हातात, सिनेमात दाखवतात तशी त्याच बाजूला नाही.

वाकडतिकडं
चांगले स्वर्गात, वाईट नरकात. असं लक्षात ठेवायचं. दोन्ही गुडघे एकदम केले असतील तर त्रिशंकू 😂

औंधची सुमा
दोन्ही एकदम करण्यात एकच भूल, एकच मुक्काम हे खरं, पण हृदयावर ताण आणि रक्तस्राव जास्त. हृदयाचा त्रास असेल किंवा वय फार असेल तर बहुतेक डॉक्टर वेगवेगळेच सुचवतात.

डिंकाच्या लाडवांचं काय मत आहे इथे?

चकली
लाडू मला पाठवा

मेडिकलवाले
लाडवांआधी एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) बघा. ७.५-८च्या वर असेल तर ऑपरेशन पुढे ढकलतात कारण जंतुसंसर्गाची भीती वाढते. किडके दात, लघवीचा संसर्ग, पायाला चिखल्या हे सगळं आधी निस्तरा. जंतू रक्तातून थेट नव्या सांध्यात जाऊन बसतात आणि धातूवर थर करून राहतात, तिथे औषध नीट पोचत नाही.

दुसरं, ट्रामाडोलने (दुखण्यावरचं औषध) पोट घट्ट बांधलं जातं. चौथ्या दिवशी पेशंट गुडघ्यापेक्षा त्यानेच बेजार. पहिल्या दिवसापासून भरपूर पाणी, पपई, आणि डॉक्टरांना विचारून रेचक. रक्त पातळ करणारी गोळी किंवा पोटातलं इंजेक्शन मात्र सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं, "आता चालतायत" म्हणून मध्येच बंद नाही.

टीपीए डेस्क
घाईत लिहितोय. बहुतेक पॉलिसींत सांधेबदलाला २-३ वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, आधी वाचा. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडलीत तर डॉक्टर, थिएटर वगैरेही त्याच प्रमाणात कापतात. इम्प्लांट (बसवलेला कृत्रिम सांधा) आणि औषधांवर ही कात्री चालत नाही. लावली असेल तर भांडा.

इम्प्लांटच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या पूर्ण संचाला ५४,७२० अधिक जीएसटी ठरली होती, नंतर आकडे बदलत गेले. इम्प्लांटचे स्टिकर (माप, बॅच नंबर) डिस्चार्जच्या फायलीत आहेत का बघूनच निघा. क्लेमला लागतात, आणि १५-२० वर्षांनी चकती बदलायची वेळ आली तर सर्जनलाही.

कोथरूडचा आगाऊ
रोबोट घ्यावा का? दरपत्रकात मोठा फरक दिसतोय

धनकवडीकर
@आगाऊ रोबोट एकटा ऑपरेशन करत नाही. करवत सर्जनच्याच हातात, यंत्र कापण्याची रेघ सांभाळतं. काप जास्त नेमके येतात हे खरं. पण काही वर्षांनंतरचं चालणं आणि सांध्याचं टिकणं यात ठळक फरक अजून दाखवता आलेला नाही. माझं मत, यंत्रापेक्षा डॉक्टर वर्षाला किती गुडघे करतात ते विचारा. मापही महत्त्वाचं. आपल्याकडच्या बायकांची हाडं अरुंद, टोपी बाहेर डोकावली तर स्नायूंना घासते. आपल्या डॉ. कांतिलाल संचेतींनी 'इंडस नी' हा कृत्रिम गुडघा काढला तो भारतीय गुडघे डोळ्यांसमोर ठेवूनच.

औंधची सुमा
टिकतो किती?

धनकवडीकर
दहातले आठ २५ वर्षं. वजन आणि नशीब धरून.

फिजिओताई
घाबरू नका अशा गोष्टी: जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा (कातडीची बारीक नस कापली जाते), टकटक आवाज, काही महिने गुडघा कोमट लागणं, रात्री झोप न लागणं.

लगेच फोन करायच्या गोष्टी: पोटरी दुखून सुजणं, दम लागणं किंवा छातीत दुखणं, जखमेतून पाणी, पसरत जाणारा लालपणा, ताप, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं. यात दम आणि छाती असेल तर फोनही नको, थेट कॅज्युअल्टी. आणि जखम चिघळल्यासारखी वाटली तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक घेऊ नका, सर्जनकडे जा. गोळी आधी पडली की सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि निदान लांबतं.

कोथरूडचा आगाऊ
स्कूटर कधी? पुण्यात तोच मुख्य प्रश्न

शनिवारपेठ
चारचाकी, उजवा गुडघा असेल तर ४ ते ६ आठवडे, ब्रेक झटकन दाबता यायला हवा. स्कूटर साधारण तीन महिने, तीही डॉक्टरांना विचारून. चालवणं सोपंच आहे, सिग्नलला गाडीचा भार त्या पायावर येतो ते अवघड. मेन स्टँड आणि किक विसरा.

वाकडतिकडं
सिग्नलला थांबणारा पुणेकर 🙏

चकली
वॉकर विकत घ्यावा का? महिन्याभराचं तर काम

शनिवारपेठ
नको. रुग्णसाहित्य केंद्रातून अनामत भरून मिळतो, कमोड खुर्चीही. घेताना खालची रबरं झिजलेली नाहीत ना बघ, ओल्या फरशीवर तीच घसरतात. उंची: हात सरळ सोडून उभं राहिल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी.

चकली
उद्या जाते. दुपारी १ ते ४ बंद असणार ना 🙄

शनिवारपेठ
हे काय विचारणं झालं