ओएचसीच्या वाऱ्या आणि आजारपणाची रजा

प्रश्न (टीटीसी_एचआर): रबाळे एमआयडीसीत एक कामगार महिन्यातून चार-पाच वेळा ओएचसीत (कारखान्याच्या आरोग्य केंद्रात) जातो, मग दोन-तीन दिवस घरी. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे. ओएचसीची चिठ्ठी रजेला चालेल का? पैसे किती मिळतात?

उत्तर १ (शिफ्ट_बी): ओएचसीची चिठ्ठी कंपनीपुरती. ईएसआयच्या पैशासाठी त्यांच्याच दवाखान्याचं सर्टिफिकेट लागतं, पहिल्याच दिवशी जायला सांगा. सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये हक्क.

उत्तर २ (हिशेबनीस): घोळ पहिल्या दोन दिवसांचा, ते बिनपगारी जातात. रोजची सरासरी ६०० धरली, तर पाच दिवसांच्या आजारपणात तीनच दिवसांचे, ४२० प्रमाणे १,२६० रुपये. मात्र आधीचं पैसे मिळालेलं आजारपण संपून १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडला, तर ते दोन दिवस कापत नाहीत. तुमचा कामगार दर वेळी दोनच दिवसांत परतत असेल, तर त्याच्या हातात काहीच पडत नाही. कामचुकार ठरवण्याआधी हे बघा.

उत्तर ३ (सेफ्टीवाला): ओएचसीचं रजिस्टर उघडा. तक्रार, वेळ, मशीन शेजारी शेजारी लिहा. दर वेळी रात्रपाळीनंतर कंबर किंवा रंगखात्यात डोकेदुखी असेल, तर दुखणं कामाच्या जागेत आहे. आणि हो, आजारपणाचा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही.