मकोकासारखा कडक कायदा हाताशी असूनही ११ जुलैचा खटला उच्च न्यायालयात का टिकला नाही?

बोरीवलीकर (प्रश्न)

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा मी माहीमच्या अलीकडे थांबलेल्या एका गाडीत होतो. रुळांवर उतरून एस. व्ही. रोडने चालत बोरीवली गाठेपर्यंत रात्रीचे बारा वाजले. वाटेत लोक घराघरांतून पाणी आणि बिस्किटांचे पुडे आणून देत होते आणि फोन कुणाचाच लागत नव्हता.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. त्यांतील पाच जणांना २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. ते दोषी होते की नव्हते, हा वाद मला येथे घालायचा नाही. खटला मकोकाखाली, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याखाली चालला, ज्यात जामीन मिळणे अतिशय अवघड आणि पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाबही पुरावा म्हणून ग्राह्य. तपास यंत्रणेला एवढी मुभा असताना एकोणीस वर्षांनी काहीच सिद्ध का होऊ नये? आणि याच शहरात कसाबचा खटला मात्र अटकेपासून फाशीपर्यंत चार वर्षांच्या आत कसा संपला?

उलटतपासणी

मी फौजदारी न्यायालयात वकिली करतो. या खटल्याशी माझा कधीही संबंध आला नाही. माझ्या मते आपल्या प्रश्नातच त्याचे अर्धे उत्तर आहे. ज्या मुभेला आपण बळ समजता, तिनेच तपासाला आळशी केले.

पोलिसांपुढील कबुली पुरावा म्हणून चालणार नाही, हा आपल्याकडचा ब्रिटिश काळापासूनचा नियम आहे. १९८७ च्या टाडा कायद्याने आणि नंतर २००२ च्या पोटा कायद्याने दहशतवादाच्या खटल्यांपुरता तो बाजूला ठेवला. टाडाची मुदत १९९५ मध्ये संपली आणि पोटा २००४ मध्ये रद्द झाला. त्यानंतर यूएपीए या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यामध्ये जामिनाच्या कडक अटी आल्या, दोषारोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंतची मुदत आली, २०१९ पासून एखाद्या व्यक्तीलाच दहशतवादी घोषित करण्याची तरतूदही आली. पण पोलिसांपुढील कबुलीचे कलम संसदेने त्यात घातले नाही, २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतरच्या घाईतसुद्धा नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मकोकात मात्र ते आजही आहे. तो कायदा मुळात खंडणीखोर टोळ्यांसाठी केलेला.

११ जुलैच्या खटल्यात हे कबुलीजबाबच पायाचा दगड होते. आरोपींनी ते पुढे नाकारले. वेगवेगळ्या माणसांच्या जबाबांतील काही भाग एकमेकांशी तंतोतंत जुळतात, याकडे उच्च न्यायालयाने लक्ष वेधले, मारहाणीचे आरोप गांभीर्याने घेतले आणि जबाब बाजूला ठेवले. ते बाजूला गेल्यावर उरले काय? शंभराहून अधिक दिवस गप्प राहिलेले टॅक्सीचालक, अधिकारच नसलेल्या अधिकाऱ्याने घेतलेली ओळख परेड, आणि बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता हेही सिद्ध न झालेले दोषारोपपत्र.

आता कसाबचा खटला पाहा. त्याचाही कबुलीजबाब होता, पण तो दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवलेला होता, आणि तो वगळला तरी खटला उभा राहिला असता. सीएसटीवरची वृत्तछायाचित्रकारांनी टिपलेली छायाचित्रे होती, हल्लेखोर ज्या कुबेर नौकेतून आले तिच्यावरचा जीपीएस संच होता, हल्लेखोरांचे त्यांच्या सूत्रधारांशी झालेले आणि ध्वनिमुद्रित केलेले संभाषण होते. मला सर्वांत बोलका वाटतो तो गुलाबी फोम. न फुटलेल्या बॉम्बमध्ये सापडलेला फोम आणि कुबेरवर सापडलेला फोम सारखाच निघाला, आणि समुद्रातली नौका व शहरातला बॉम्ब एका धाग्यात ओवले गेले.

त्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोघे निर्दोष सुटले, हे आपण विसरतो. त्यांच्याविरुद्धचा मुख्य पुरावा म्हणजे मृत हल्लेखोर अबू इस्माईलच्या पँटच्या खिशात सापडल्याचा दावा केलेला हाताने काढलेला नकाशा. पँट रक्ताने भिजलेली, पण नकाशावर ना रक्ताचा डाग, ना चुरगळल्याची खूण. न्यायालयाने तो मानला नाही. न्यायाधीश तेच, तपास यंत्रणा तीच. फोम टिकला आणि नकाशा टिकला नाही.

निवृत्त निरीक्षक

वकीलसाहेब, आपले बहुतेक म्हणणे मान्य आहे, पण ‘आळशी’ हा शब्द मला लागला. कटाचा गुन्हा बंद खोलीत शिजतो. तेथे साक्षीदार नसतो आणि छायाचित्रकार तर नसतोच. कसाब जिवंत सापडला, तोही तुकाराम ओंबळे यांनी छातीवर गोळ्या झेलल्या म्हणून. ११ जुलैला बॉम्ब ठेवणारे गर्दीत मिसळून उतरून गेले होते. शिवाय १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात टाडाखालचे, नंतर मागे घेतलेले कबुलीजबाब सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येही ग्राह्य धरलेच होते.

तरीही एक गोष्ट कबूल करतो. १९९३ चे जबाब उभे राहिले, कारण त्यांच्या पाठीशी शेखाडी आणि दिघीच्या किनाऱ्यावर उतरवलेला माल होता, हस्तगत झालेले आरडीएक्स होते. ११ जुलैच्या निकालात जप्त मालाच्या सीलबद्दल जे लिहिले आहे, ते वाचून मला वाईट वाटले. आम्हाला शिकवलेली पद्धत साधी होती: वस्तू खाकी कागदात गुंडाळायची, दोरा बांधायचा, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावायची, गाठीवर लाख ओतून मोहर उमटवायची आणि त्याच मोहरेचा नमुना पंचनाम्यावर घ्यायचा. मुद्देमाल कक्षापासून कलिन्याच्या प्रयोगशाळेपर्यंत ती लाख अभंग राहिली हे नोंदवहीवरून दाखवता आले पाहिजे. हे दहा मिनिटांचे काम आहे. रात्री दोन वाजता, वरून फोनवर फोन येत असताना, नेमके तेच राहते.

मोसमपूल

मी मालेगावचा. त्याच वर्षी, ८ सप्टेंबर २००६ रोजी, आमच्याकडे बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. तपास त्याच दहशतवादविरोधी पथकाकडे, कायदाही मकोकाच, आणि पकडलेल्या तरुणांचे कबुलीजबाबही आले. पुढे एनआयए या राष्ट्रीय तपास यंत्रणेने वेगळ्याच लोकांवर आरोप ठेवले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्या तरुणांना आरोपमुक्त केले.

वकीलसाहेबांना मात्र एक विचारतो. दंडाधिकाऱ्यांपुढची कबुली आपण इतकी भक्कम मानता, पण तपासाला वेगळी दिशा देणारा स्वामी असीमानंद यांचा डिसेंबर २०१० चा जबाब दंडाधिकाऱ्यांपुढेच दिलेला होता. तोही त्यांनी मागे घेतला, आणि हैदराबादच्या मक्का मशीद स्फोट खटल्यातून ते २०१८ मध्ये निर्दोष सुटले. आमच्या गावाला दोन वेगवेगळ्या कबुल्या मिळाल्या. गुन्हेगार अजून मिळालेला नाही.

उलटतपासणी

आपला आक्षेप रास्त आहे. कबुली कोणापुढे दिली यापेक्षा तिच्यातील तपशिलांना बाहेरून दुजोरा मिळतो का, हे महत्त्वाचे, असे मी लिहायला हवे होते. निरीक्षकसाहेब, ‘आळशी’ हा शब्द मागे घेतो. ‘परावलंबी’ म्हणू या.

बोरीवलीकर

सर्वांचे आभार. मग आता पुढे काय? सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिल्याचे वाचले होते. ते लोक पुन्हा तुरुंगात गेले का?

उलटतपासणी

नाही. २४ जुलै २०२५ च्या आदेशाचा अर्थ एवढाच, की उच्च न्यायालयाचा हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवण्याची गरज नाही, हेही तेव्हाच स्पष्ट केले गेले. मकोकाखाली चालू असलेल्या इतर खटल्यांवर परिणाम होईल, ही सरकारची चिंता होती, आणि ती चिंताच सांगते की राज्यातले किती खटले अजून कबुलीजबाबांवर उभे आहेत.

निरीक्षकसाहेबांच्या लाखेबद्दल एक नोंद: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे, आणि सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणेही, मात्र या दुसऱ्या तरतुदीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची सवलत आहे.

निवृत्त निरीक्षक

चित्रीकरण चांगलेच आहे. पण त्या मेमरी कार्डालाही सील लागते.